रांजण कोरडा, अंडी जिवंत

१९७३ साली बार्शीत चिकुनगुनियाची साथ आली. बहात्तरच्या दुष्काळानं सोलापूर जिल्हा आधीच पिचलेला, त्यात हा ताप. गावातल्या एक तृतीयांशाहून अधिक लोकांनी अंथरूण धरलं. ताप चार दिवसांत उतरे, पण धरलेले सांधे सुटता सुटत नसत. पुढे साथ ओसरली आणि या आजारानं देशातूनच काढता पाय घेतला. १९६३ साली कोलकाता, पुढच्या वर्षी चेन्नई, १९६५ मध्ये नागपूर असा दहा वर्षं फिरलेला विषाणू बार्शीनंतर तीस वर्षांहून अधिक काळ साथीच्या रूपात कुठे दिसला नाही. २००५ च्या अखेरीस तो परत आला तो दणक्यात. २००६ या एका वर्षात देशभरात जवळपास १४ लाख संशयित रुग्णांची नोंद झाली.

एवढी वर्षं तो होता कुठे? माणसाच्या रक्तात तो काही दिवसच राहतो. डासाची मादी जगून जगून किती जगणार, फार तर महिनाभर. तेव्हा डासापेक्षा जास्त टिकणारं, उन्हाळा सोसणारं काहीतरी शोधायला हवं होतं. एडिस डासाच्या संसारात अशा दोन गोष्टी आहेत. एक त्याचं अंडं, दुसरी त्याच्या आतड्यात राहणाऱ्या एका परजीवीची बीजं. दोन्ही कोरडी पडतात, दोन्ही वाट पाहतात आणि दोन्ही पाण्यातल्या अळीवर आपली छाप सोडतात. विषाणूच्या कोड्याकडे आपण नंतर वळू. आधी त्या अळीची ओळख करून घ्यायला हवी, कारण आपल्या पिंपात जी वळवळ दिसते तिचा बराचसा निकाल पिंपात पाणी पडण्याआधीच लागलेला असतो.

अळी पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. गच्चीवरच्या विसरलेल्या बादलीतलं पाणी काचेच्या ग्लासात घ्यावं आणि खिडकीच्या उजेडात धरावं. एडिसची अळी शेपटाकडची आखूड, जाडसर श्वासनळी पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवून डोकं खाली करून लटकते. मलेरियाच्या अ‍ॅनोफेलिसची अळी पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून राहते, हा दोघींतला ठळक फरक. ग्लासावरून हात फिरवला, सावली पडली, की एडिसच्या अळ्या क्षणात नागमोडी वळसे घेत तळ गाठतात. थोड्या वेळानं एकेक करून वर येतात. तोंडाजवळचे केसांचे झुबके सतत हलत असतात. पाण्यातला सूक्ष्म कचरा, जिवाणू, शेवाळ त्यांनी ओढून घ्यायचं. तळाशी गेली तर काचेला तोंड लावून ती खरवडत बसते. बारकाईनं पाहिलं तर कळतं की सगळ्या अळ्या सारख्या नसतात. कुणी अखंड धडपडत असते, कुणी एका कोपऱ्यात चिकटून. संशोधकांनी हीच हालचाल मोजून तिचे प्रकार पाडले आहेत: विसावणं, चरणं, गाळून खाणं आणि सबंध अंग झटकत पोहणं. यातलं शेवटचं सर्वांत धोक्याचं. पाण्यात दबा धरून बसलेल्या शिकाऱ्याला हलणारं भक्ष्य आधी कळतं.

आता अंड्याकडे. क्युलेक्स डास पाण्यावर अंड्यांचा तराफा सोडतो, अ‍ॅनोफेलिस एकेक अंडं पाण्यावर तरंगत ठेवतो. पाणी आटलं की ती अंडी फार काळ टिकत नाहीत. एडिसची मादी वेगळी. ती पाण्यात अंडी घालत नाही, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओलसर भिंतीला चिकटवते. घातलं तेव्हा पांढरं असलेलं अंडं दोन-तीन तासांत काळं कुळकुळीत होतं. लांबी एक मिलिमीटरही भरत नाही, त्यामुळे रांजणाच्या आतल्या अंगावर ते काजळीच्या ठिपक्यासारखं दिसतं, म्हणजे दिसतच नाही. पहिल्या अकरा ते तेरा तासांत अंड्याच्या कवचाखाली आणखी एक अस्तर तयार होतं. ब्राझीलच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिलं की हे अस्तर झालं की अंड्यातलं पाणी बाहेर पडायचं थांबतं. त्याआधी अंडं वाळलं तर चुरमुडून मरतं.

तीनेक दिवसांत आत पूर्ण वाढलेली अळी तयार होते. डोळे, तोंड, श्वासनळी, सगळं जागच्या जागी. आणि तरीही ती बाहेर येत नाही. पाणी वर चढून अंडं बुडेपर्यंत ती तशीच पडून राहते. महिना, चार महिने, सहा महिने, काही वेळा त्याहूनही जास्त. २०२३ मध्ये बंगळुरूची इनस्टेम ही संस्था आणि आयआयटी मंडी इथल्या सुनील लक्ष्मण, बास्कर बक्तवाचलू आणि सहकाऱ्यांनी या कोरड्या अंड्याच्या आत काय चालतं ते उलगडलं. वाळताना आतली अळी आपला नेहमीचा ऊर्जेचा कारभार मंद करते, पॉलिअमाइन नावाची संयुगं साठवते, ती पेशींना सुकण्यापासून जपतात, आणि इंधन म्हणून साठवलेली चरबी जाळायला घेते. हे मार्ग औषधानं अडवले तर अंड्यांची सुकून तगण्याची ताकद घटते. डास मारण्याच्या नव्या उपायाची एक दिशा इथे आहे, असं त्यांचं म्हणणं.

चरबी जळते, म्हणजे शिदोरी संपत जाते. आईनं अंड्यात जेवढं भरून दिलं तेवढंच. वाट पाहताना बाहेरून काही मिळत नाही. मायामीच्या फ्लोरिडा इंटरनॅशनल विद्यापीठात मारिओ पेरेझ आणि फर्नांडो नोरिएगा यांनी कमी-जास्त काळ कोरड्या राहिलेल्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या ताडून पाहिल्या. जास्त थांबलेल्या अंड्यांतल्या अळ्या चरबीनं रोडावलेल्या निघाल्या, उपासमार त्यांना कमी झेपली, पाण्यातले जड धातू कमी झेपले, कोषावस्थेपर्यंत पोचायला त्यांना उशीर झाला. २०१२ सालचं हे काम. जूनच्या पहिल्या पावसात मार्चमधल्या अंड्यातून जी अळी बाहेर पडते, ती जन्मतःच भुकेली असते असा त्याचा अर्थ मी घेतो.

भुकेल्या अळीचं वागणं कसं असतं? याचं उत्तर दुसऱ्या डासावरच्या, दुसऱ्या मुलखातल्या प्रयोगांतून येतं. इलिनॉय राज्य विद्यापीठाचे स्टीव्हन जुलियानो यांनी झाडांच्या ढोलीत वाढणाऱ्या एडिस ट्रायसेरिएटस या डासाच्या अळ्या वर्षानुवर्षं निरखल्या. पूर्व अमेरिकेतल्या जंगलांत ओक, मेपल अशा झाडांच्या खोबणीत पावसाचं पाणी साचतं, कुजलेली पानं पडतात, आणि त्या काळपट पाण्यात या अळ्या वाढतात. तिथेच त्यांचा शत्रूही असतो: टॉक्सोऱ्हिंकायटिस. हाही डासच, पण माणसाला न चावणारा. प्रौढ झाल्यावर तो फुलांचा मध पितो, कारण रक्तातून मिळवायचं पोषण त्यानं बालपणीच इतर अळ्या खाऊन मिळवलेलं असतं. आपल्याकडेही त्याची भाऊबंद जात आहे, टॉक्सोऱ्हिंकायटिस स्प्लेंडेन्स. त्याची दांडगी, गडद अळी पाण्यात जवळजवळ निश्चल बसते आणि जवळून वळवळ गेली की झडप घालते. जुलियानोंना दिसलं की उपाशी अळ्या जास्त हिंडतात आणि जास्त खाल्ल्या जातात. ज्या पाण्यात शिकारी राहून गेला त्या पाण्याचा नुसता वास लागला तरी ट्रायसेरिएटसच्या अळ्या हालचाल आवरतात, पृष्ठभागाशी विसावतात. २००२ च्या एका प्रयोगात तर शिकाऱ्याच्या सोबतीत वाढवलेल्या वंशावळीत पिढ्या दोनच गेल्या आणि जपून वागण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं.

अंड्यातला दीर्घ उपास आणि बाहेरची धडपड यांना जोडणारा दुवा मी लावतो आहे, हे वाचकानं ध्यानात ठेवावं. उपासाचे प्रयोग आपल्या घरातल्या एडिस इजिप्तायवरचे, शिकारीचे ढोलीतल्या डासावरचे. पण भूक भूकच असते, आणि हा दुवा मला ताणलेला वाटत नाही.

उबण्याचीही एक गंमत आहे. अंडी भिजली म्हणून सगळी एका दमात उबत नाहीत. काही पहिल्या बुडीत, काही दुसऱ्या, काही हट्टानं पाचव्या. अंड्याला उबण्याची खूण पाण्यातल्या प्राणवायूच्या घटीतून मिळते. पाणी मुरलं, अंड्याच्या पृष्ठभागावर जिवाणूंचा थर वाढला, की प्राणवायू कमी होतो. आतल्या अळीला कळतं की खायला बाहेर भरपूर आहे. १९७७ मध्ये गिलेट आणि सहकाऱ्यांनी यावर एक नवा अर्थ मांडला: आधीच उबलेल्या अळ्या चरताना अंड्यांवरचा तो थर खरवडून खातात, मग अंड्याभोवती प्राणवायू टिकून राहतो आणि आतली अळी थांबते. मॅसॅच्युसेट्सच्या वूस्टर शहरातल्या क्लार्क विद्यापीठाचे टॉड लिवडाल यांनी पुढे ढोलीतल्या डासावर हे तपासलं. अळ्यांची गर्दी असेल तर अंडी खरोखर मागे राहतात. आणि ते शहाणपणाचंच, कारण मोठ्या अळ्यांच्या तोंडासमोर नुकती उबलेली अळी आली तर तीही खाल्ली जाऊ शकते. थोरल्यांच्या दातांनी धाकट्यांचा जन्म लांबतो, आणि लांबलेला जन्म पुन्हा शिदोरी खातो.

*

परजीवीची गोष्ट हिंदुस्थानातच सुरू होते. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहणारे रोनाल्ड रॉस सगळ्यांना ठाऊक आहेत. त्याच काळात डास चिरता चिरता त्यांना आणखी एक प्राणी भेटला. एकपेशीय, लांबट, अळीच्या आतड्यात राहणारा. आज त्याचं नाव अ‍ॅस्कोग्रेगरिना क्युलिसिस, आणि शास्त्रीय नावापुढे 'रॉस, १८९८' अशी नोंद अजून लागते. इजिप्तायचा हा नेहमीचा सोबती. टायगर मॉस्किटो म्हणतात त्या एडिस अल्बोपिक्टसचा वेगळा, तैवानेन्सिस. ढोलीतल्या ट्रायसेरिएटसचा बॅरेटी. ज्याचा त्याचा ठरलेला.

त्याचा फेरा सुबक आहे. पाण्यातल्या कचऱ्यासोबत अळी त्याची कवचबंद बीजं गिळते. प्रत्येक बीजातून आठ बारीक जीव सुटतात आणि आतड्याच्या भिंतीतल्या पेशींत घुसतात. तिथे वाढून बाहेर येतात, आतड्यात मोकळे राहतात. अळी कोषात गेली की हे सरकतात माल्पिघी नलिकांत. कीटकांचं मूत्रपिंडच म्हणा. तिथे त्यांचं मीलन होतं आणि नवी बीजं तयार होतात. डास उडायला लागला की ती विष्ठेतून पडतात, किंवा डास पाण्यावर मेला की त्याच्या देहातून सुटतात. अंडी घालायला मादी ज्या रांजणावर बसते, तिथेच ती पोटातली बीजंही टाकून जाते. अंड्याच्या आत मात्र परजीवी शिरत नाही. हा मुद्दा पुढे कामाला येणार आहे.

हा परजीवी यजमानाला मारत नाही. पोटभर अन्न असेल तर त्याचा त्रास जाणवतही नाही. अन्न कमी पडलं तर मात्र तो जड जातो. डासांवरचा नैसर्गिक उपाय म्हणून त्याच्याकडे बरीच वर्षं आशेनं पाहिलं गेलं. मला ती आशा कधीच पटली नाही, आणि क्लार्क विद्यापीठातल्या एका प्रयोगानंतर तर मुळीच नाही.

२०१७ मध्ये जॉन सोघिगियन, टॉड लिवडाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रयोग प्रसिद्ध केला. परजीवी यजमानाचं वागणं बदलतो याची उदाहरणं आपण नेहमी ऐकतो ती उलट्या दिशेची: परजीवीला पुढच्या प्राण्याच्या पोटात जायचं असतं म्हणून तो यजमानाला बेफिकीर करतो, शिकाऱ्याच्या तोंडी देतो. इथे शिकाऱ्याच्या पोटात गेलं तर परजीवीचा खेळ खलास, कारण त्याला अळीचा डास व्हायलाच हवा. या संशोधकांनी ट्रायसेरिएटसच्या काही अळ्यांना बॅरेटीची लागण केली, काही कोऱ्या ठेवल्या, आणि पाण्यात टॉक्सोऱ्हिंकायटिस सोडला. लागण झालेल्या गटातल्या अळ्या कमी मेल्या. शिकारी नसताना परजीवीनं मृत्यू वाढवले नाहीत, कमीही केले नाहीत. मग चित्रीकरण करून वागणं मोजलं. लागण झालेल्या अळ्या अंग झटकत कमी पोहत होत्या आणि पाण्यात ठेवलेल्या आडोशावर किंवा आडोशात जास्त वेळ सापडत होत्या. म्हणजे ज्याला आपण रोग म्हणतो त्यानं अळीला सावधपणा शिकवला. शिकारी असलेल्या ढोलीत हा परजीवी मित्रासारखा वागतो, असं संशोधकांचं मत. मी म्हणेन, तो आपला मुक्काम सुरक्षित ठेवतो आणि अळीला त्याचा फायदा होतो.

आता दोन्ही धागे एकत्र धरून पाहा. कोरड्या अंड्यातून उशिरा निघालेली भुकेली अळी हिंडायला बघते. पोटातला पाहुणा तिला बसवायला बघतो. एकाच अळीत दोन्ही आले तर कोण जिंकतं? ढोलीत, रांजणात, गप्पी मासे सोडलेल्या हौदात हे पाहायला हवं. प्राणिशास्त्राच्या कुणा विद्यार्थ्याला विषय हवा असेल तर घ्यावा. सामग्री गल्लीत आहे.

*

१९८५ साली टेक्सासमधल्या ह्यूस्टनला टायगर मॉस्किटोची वस्ती सापडली. जपान आणि आशियातल्या इतर देशांतून जुने टायर जहाजांनी येत होते, त्यांच्या आतल्या वळशांत कोरडी अंडी. या डासाच्या थंड प्रदेशांतल्या वाणाची अंडी एक पाऊल पुढे जातात. शरद ऋतूत दिवस लहान झाले की मादी अशी अंडी घालते की ती भिजवली तरी उबत नाहीत, हिवाळा संपायची वाट पाहतात. अशी अंडी बोटीवर महिनाभर पडून राहणं म्हणजे काहीच नाही.

आठवा, परजीवी अंड्यात शिरत नाही. प्रवासाला निघालेली अंडी स्वच्छ असतात, आणि परजीवीची बीजं सोबत आली तर आली, नाही तर नाही. जुलियानो आणि त्यांचे सहकारी अलियाबादी यांनी २००२ मध्ये दाखवलं की नव्या जागी परजीवीविना वाढणाऱ्या टायगर मॉस्किटोच्या अळ्या स्थानिक ढोलीतल्या डासाशी स्पर्धेत सरस ठरतात. काही वर्षांत परजीवी मागोमाग येऊन पोचतो आणि ही सूट संपते. तोवर या पाहुण्या डासानं जम बसवलेला असतो. नव्या मुलखात पाय रोवताना डासाला ही मोकळीक आयती मिळते, ती कोरड्या अंड्यामुळेच.

कॅलिफोर्नियाच्या ओक झाडांत याहून विचित्र प्रकार चालतो. तिथे एडिस सिएरेन्सिसची अंडी कोरडा उन्हाळा ढोलीच्या भिंतीवर काढतात आणि शरदाच्या पावसात उबतात. त्याच पाण्यात लॅम्बोर्नेला क्लार्की नावाचा केसाळ एकपेशीय जीव मोकळा पोहत असतो, आणि अळ्या त्याला खातात. बर्कलीच्या संशोधकांनी १९८८ मध्ये सायन्स नियतकालिकात लिहिलं की अळ्यांनी पाण्यात सोडलेल्या रसायनांची चाहूल लागताच हा जीव रूप बदलतो, अळीच्या त्वचेला चिकटतो, आत घुसतो आणि परजीवी होतो. खाणाऱ्याचंच खाद्य उलटतं. बहुतेक अळ्या मरतात. ज्या डास होऊन उडतात त्यांतल्या माद्यांच्या अंडाशयात तो पसरतो. अशी मादी ढोलीवर येते, अंडी घालण्याचे सगळे सोपस्कार करते आणि अंड्यांच्या जागी परजीवी सोडून जाते. तोही कोरड्यात तगून राहतो. माझ्या मते डासांच्या सबंध वाङ्मयात याहून धूर्त प्रकरण नाही.

*

आता बार्शीचं कोडं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, म्हणजे १९५२ पासून चाललेल्या आपल्या एनआयव्हीत, डी. टी. मौर्य आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये थेट प्रश्न विचारला: साथींच्या मधल्या काळात चिकुनगुनियाचा विषाणू अ‍ॅस्कोग्रेगरिनाच्या बीजांत लपून राहू शकतो का? विषाणू आणि परजीवी दोन्ही असलेल्या डासांतली बीजं त्यांनी नव्या अळ्यांना खाऊ घातली. विषाणू या वाटेनं पुढच्या डासांपर्यंत जाऊ शकतो, असं त्यांना दिसलं. शक्यता खरी होती.

पण शक्यता म्हणजे पुरावा नव्हे. २००६ च्या साथीतले विषाणू तपासले तेव्हा ते १९६३ ते १९७३ च्या आशियाई वंशाचे निघाले नाहीत. आफ्रिकी वंशाचे निघाले. बार्शीचा विषाणू रांजणाच्या तळाशी बीजांत दडून तीस वर्षांनी उठला, ही कथा तिथेच कोसळली. एनआयव्हीच्या विद्या अरणकल्ले आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये जुने-नवे विषाणू शेजारी ठेवून पाहिले, त्यात एक नमुना पुणे जिल्ह्यातल्या यवतचा होता, २००० साली एडिस इजिप्ताय डासांतून मिळालेला. तोही आफ्रिकी वंशाचाच. म्हणजे साथ भडकण्याच्या पाच वर्षं आधी पाहुणा यवतमध्ये येऊन बसला होता. तो इतका काळ गुपचूप कसा राहिला हा प्रश्न उरतोच, आणि त्याचं उत्तर शोधताना अंडी आणि बीजं दोन्ही तपासावी लागतील.

महाराष्ट्रातल्या गावांत आणि शहरांत दरवर्षी पावसाळ्यात हिवताप विभागाचे कर्मचारी आणि आशा ताई घरोघर फिरतात. पिंपात बॅटरी मारतात, अळ्या दिसल्या की भांडं ओतायला लावतात, मोठ्या टाकीत अ‍ॅबेट हे अळीनाशक टाकतात, हौदात गप्पी मासे सोडतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असं सांगतात. आपण पिंप उपडं करतो, उन्हात ठेवतो आणि संध्याकाळी पुन्हा भरतो. अळ्या गेल्या खऱ्या. भिंतीला चिकटलेली अंडी तशीच राहिली; ऊन त्यांना नवं नाही. पाणी पुन्हा चढलं की त्यांतली काही उबतील, काही पुढच्या खेपेची वाट पाहतील. गप्पी माशांवर सगळा भरवसा ठेवणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं की मासा हलणारी अळी खातो, अंडं खरवडत नाही.

तेव्हा कोरडा दिवस पाळताना भांडं नुसतं रिकामं करू नका. पाण्याची रेषा जिथे होती तिथे आणि तिच्या वर चार बोटं, काथ्यानं नाहीतर तारेच्या घासणीनं आतून कडकडून घासा, घासलेलं पाणी मोरीत न टाकता तापलेल्या मातीवर ओता, मग भांडं वाळवा. कूलरची टाकी, फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा आणि गच्चीवर पडलेला जुना टायरही यातून सुटता कामा नये. टायर आतून घासता येत नाही. तो घरात ठेवूच नका. आणि हे काम जूनमध्ये अळ्या दिसल्यावर नको, मे महिन्यात, पावसाआधी, रांजण ठणठणीत कोरडा असताना करा.